परत येण्याची कारणे

पृथ्वीच्या पाठीवर असा एकही देश नाही, की ज्याच्या दारातून आत कसं शिरायचं हे आमच्या थोरल्या साडूंना ठाऊक नाही. कुठल्या देशाला पासपोर्टची सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते, कुठल्याचं तीन महिन्यांवर भागतं, कुठला देश विमानतळावर उतरल्यावर निमूट शिक्का मारतो आणि कुठला आधी बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागवून मग आठ दिवसांपुरतं दार किलकिलं करतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ आहे. माझ्या पुतणीच्या मुलीच्या बारशात पाळणा म्हणून झाल्यावर जरा शांतता झाली, तर तेवढ्यात त्यांनी जपानच्या व्हिसाला लागणाऱ्या फोटोचं माप सांगून टाकलं होतं, आणि तेही कोणी विचारलेलं नसताना. स्वतः साडूभाऊ मात्र तिरुपतीची एक खेप सोडली तर पूर्वेला नांदेडच्या आणि पश्चिमेला पुण्याच्या पुढे गेलेले नाहीत. समुद्र त्यांनी पाहिलेला नाही. विमान पाहिलं आहे, पण खालून. यावरून कोणी छेडलंच तर ते शांतपणे म्हणतात, "तिकीट देणारा माणूस काय रोज गाडीत बसून जायलाय का?"

त्यांची सगळी नोकरी तहसील कचेरीत गेली, आणि त्यातली बरीचशी दाखल्यांच्या टेबलावर. रहिवासी, उत्पन्न, जात, हयात. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी आसपासच्या गावांतल्या माणसांना, ती माणसं आहेत आणि इथलीच आहेत, असे कागद दिले. त्या काळात त्यांचं एक तत्त्व पक्कं झालं. कागद कमी पडला तर माणूस परत जातो, जास्त झाला म्हणून कोणाला परत पाठवलेलं आपण तरी बघितलं नाही. रिटायर झाल्यावर पहिलं वर्षभर हे तत्त्व लावायला त्यांना काही मिळेना. मग त्यांनी घरातल्या वीजबिलांना पानांचे नंबर घातले. जो फ्रिज सात वर्षांपूर्वी मोडीत दिला होता त्याच्या वॉरंटी कार्डाला पिवळा टॅग लावून वेगळी फाइल केली. घरातल्या माणसांनी हे सहन केलं, कारण दुसरा इलाज नव्हता.

अशा वेळी पोखर्णीचे एक कृषी सेवा केंद्रवाले त्यांच्याकडे आले. बियाण्याच्या कंपनीचं टार्गेट पूर्ण केल्याबद्दल त्यांना दुबईची चार दिवसांची सहल मिळाली होती. आमच्या भागात खत-बियाण्याचे दुकानदार असेच परदेशी जातात. जितकी पोती जास्त तितका देश लांबचा. दुबईला पासपोर्टची प्रत आणि एक फोटो लागतो, असं कंपनीनं त्यांना कळवलं होतं. साडूभाऊ हसले. त्यांनी पाच दिवस खपून चौऱ्याऐंशी पानांची फाइल तयार केली. तीत सातबारा होता, आठ-अ होता, शाळा सोडल्याचा दाखला होता, ग्रामपंचायतीचं बेबाकी, म्हणजे काही थकबाकी नसल्याचं, प्रमाणपत्र होतं, सरपंचांनी दिलेला चारित्र्याचा दाखला होता आणि नृसिंहाच्या देवळाला दिलेल्या देणगीची पावती होती. दुकानदारानं त्यातली दोन पानं कंपनीला पाठवली आणि बाकीची मुकाट्यानं दुकानाच्या कपाटात ठेवली. चौथ्या दिवशी व्हिसा आला. पावती बघून अरबांचं मत बदललं, असं साडूभाऊ आजही सांगतात.

तेव्हापासून त्यांच्या घरी रीघ सुरू झाली. जेवणाच्या टेबलावरची ताटं उठली आणि स्टेपलर, टॅग, गोंद आणि एक स्टीलची फूटपट्टी तिथं कायमची मुक्कामाला आली. फूटपट्टी फोटोसाठी. फोटोत चेहरा किती टक्के हवा, कान दिसायला हवेत, दात दिसायला नकोत, हे ते इतक्या मनापासून सांगतात की ऐकणाऱ्याचा हात आपोआप कानाकडे जातो. एका लग्नात नवरा-नवरी स्टेजवर फोटोला उभे असताना साडूभाऊ पुढे झाले. मला वाटलं, अक्षता टाकताहेत. त्यांनी नवरदेवाच्या मुंडावळ्या जरा बाजूला सारल्या आणि म्हणाले, "कान दिसू द्या बापू. उद्या बायकोला घेऊन कुठं जायचं ठरलं तर परत खर्च कामून?" फोटोग्राफर त्यांच्याकडे आदरानं बघत राहिला.

मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो, त्यामुळे फाइलीतल्या पत्रांचं भाषांतर माझ्या गळ्यात पडलं. मी ते पैसे न घेता आणि मत न देता करत आलो आहे. एकदा अकरा जणांचा गट युरोपला निघाला होता. त्यातल्या नऊ जणांचा जन्म एक जूनचा. आमच्या पिढीत पोराला शाळेत घालताना हेडमास्तर वय अंदाजानं बघत आणि तारीख सोयीनं टाकत. ती बहुधा एक जूनच असे. पण तिकडच्या साहेबाला हे कसं कळावं? साडूभाऊंनी खुलाशाचं पत्र लिहिलं. "आमच्या भागात जून महिन्याच्या पहिल्या तारखेस लोक मोठ्या प्रमाणावर जन्मास येतात, तरी गैरसमज नसावा." मी म्हणालो, हे लिहायलाच हवं का? ते म्हणाले, "सर, तुमी फकस्त इंग्रजी करा." मी केलं. अकराही जणांना व्हिसा मिळाला, त्यामुळे पुढे मला बोलायला तोंड राहिलं नाही.

ज्या देशाला व्हिसा लागत नाही त्या देशाबद्दल मात्र त्यांच्या मनात जागा नाही. नेपाळचं नाव काढलं की ते नाक मुरडतात. "मतदान कार्डावर आत घेतेत. मतदान कार्डावर! मग तो देश हाय का पोलिंग बूथ?" पूर्वेकडच्या एका देशानं भारतीयांना व्हिसा माफ केल्याची बातमी आली, तेव्हा त्यांनी दोन दिवस दाढी केली नाही. पुढे त्याच देशानं येण्याआधी तीन दिवसांत ऑनलाइन फॉर्म भरायची अट घातली, तेव्हा कुठे त्यांच्या तोंडावर कळा आली. युरोपवर त्यांची खरी भक्ती. एकाच व्हिसावर इतके देश, पण त्या एका व्हिसासाठी विमा, हॉटेल, परतीचं तिकीट, रोजचा कार्यक्रम, बोटांचे ठसे! 'शेंगेन' हा शब्द ते नेहमी जरा थांबून उच्चारतात.

पण त्यांची खरी कला फाइलीच्या शेवटच्या पत्रात. त्याचं शीर्षक ठरलेलं: 'परत येण्याची कारणे'. साडूभाऊंचं म्हणणं असं, की सगळ्या जगातल्या साहेबांना एकाच गोष्टीची धास्ती असते, हा माणूस आला आणि राहिला तर? म्हणून त्यांना तुम्ही कसे याल यापेक्षा कसे जाल हे पटवून द्यावं लागतं. यासाठी ते अर्जदाराची रंगीत तालीम घेतात. भर मेमध्ये, परभणीच्या उन्हात, लग्नातला कोट चढवून टेबलापलीकडे बसतात आणि डोळे बारीक करून कारण विचारतात, "परत कामून येताल?" बहुतेक माणसं गोंधळतात. चुडाव्याचा एक शेतकरी मात्र गोंधळला नाही. "न येऊन कसं जमंल साहेब? दोन म्हशी हायत. माझ्याबिगर कुणाला धार काढू देत न्हाईत." साडूभाऊ कोटासकट उठले आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला. पत्रात तसंच आलं, 'अर्जदाराकडे दोन म्हशी असून त्या अन्य व्यक्तीस दूध देत नाहीत.' मी तेही इंग्रजीत केलं. त्या पत्रांतून मला या जिल्ह्यातली जितकी घरं आतून कळली तितकी पंचवीस वर्षं शिकवून कळली नव्हती. कोणाची विहीर अर्धी खणून झाली होती, कोणाच्या आईला फक्त थोरल्याच्याच हातचं औषध चालत होतं, कोणाचा भावाशी वाटणीचा दावा उभा होता आणि अर्जदार तारखेला हजर राहिला नसता तर भावानं बांध सरकवला असता.

आता या साडूभाऊंची बायको. म्हणजे माझी थोरली मेहुणी. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. अक्का फार बोलत नाहीत, आणि नवऱ्याच्या या उद्योगाबद्दल तर मुळीच नाही. त्यांचं एकच दुःख होतं आणि ते त्यांनी एकदा माझ्या बायकोला, म्हणजे आपल्या धाकट्या बहिणीला, सांगितलं होतं. बाजारात भेंडी निवडताना कोणीतरी हटकून येतं आणि "वैनी, एवढं साहेबांला द्या" म्हणत हातात झेरॉक्स ठेवतं. देवळात प्रदक्षिणा घालताना कोणी फोटो देतं. अक्का घरी पिशवी रिकामी करतात तेव्हा मेथीच्या जुडीखाली चार अनोळखी माणसं कान दाखवत पडलेली असतात. "एकदा तरी आसं गाव बगायचंय," त्या बहिणीला म्हणाल्या होत्या, "जिथल्या बाजारात मला कुणीच वळखत न्हाई." दोघांचे पासपोर्ट कधीचे काढून ठेवलेले होते. एकदा त्यांची मुदत संपली, तेव्हा साडूभाऊंनी ते नवे करून आणले. दोन्ही कोरे. कधी जायचं, असं विचारलं की साडूभाऊ म्हणत, फाइल अजून पुरी झालेली नाही. अक्का पुन्हा विचारत नसत.

मागच्या वर्षी अक्कांची साठी झाली आणि पुण्यातल्या मुलानं वडिलांना न विचारता आईचं नाव बायकांच्या एका सहलीत घालून टाकलं. आठ दिवस, स्वित्झर्लंड. पुरुषांना प्रवेश नाही. ही बातमी ऐकून साडूभाऊंनी विचारलं, "शेंगेन?" मुलगा हो म्हणाला. साडूभाऊ उठले आणि हात धुऊन आले. सहलवाल्यांनी बारा कागदांची यादी पाठवली होती आणि बाकीचं आम्ही बघतो, असं लिहिलं होतं. ती यादी साडूभाऊंनी एकदा वाचून रद्दीत ठेवली आणि नवी फाइल घेऊन तीवर अक्कांचं पूर्ण नाव लिहिलं. पुण्याच्या अर्जकेंद्रातली तारीख पाच आठवड्यांवर होती. पहिल्याच अर्जाला नकार आला तर पुढे कुठलाच देश उभा करत नाही, असं त्यांचं मत. म्हणजे अक्कांना जायचं तर हीच वेळ. हे साडूभाऊच दिवसातून तीनदा सांगत आणि स्वतःच घाबरत.

आठवड्यानं ते सकाळीच माझ्याकडे आले. चहा घेतला नाही. म्हणाले, "सर, मी जर तिकडला साहेब असतो, तर हिला व्हिसा दिला नसता."

मी विचारलं, काय झालं?

"परत यायला कायच न्हाई हिला."

त्यांनी फाइल उघडून दाखवली. पेडगावची चार एकर जमीन, सातबाऱ्यावर नाव साडूभाऊंचं. परभणीतलं घर, त्यांचं. वीजबिल, नळपट्टी, गॅसचं कार्ड, त्यांचं. पेन्शन त्यांची. अक्कांच्या हातातल्या मोबाइलचं सिमकार्डसुद्धा त्यांच्याच आधारवर घेतलेलं. व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी', आणि त्यापुढे स्थावर, जंगम, नोकरी, धंदा, सगळीकडे आडवी रेघ. या माणसानं शेकडो घरांच्या फाइली लावल्या होत्या; हे कोरं पान त्यांच्याच घरात निघालं होतं. मी जरा थट्टेनं म्हणालो, "तुम्ही आहात की. नवऱ्यासाठी येतील परत."

"नवरा हे कारण धरत न्हाईत," ते गंभीरपणे म्हणाले. "लय नवरे बघितलेत त्यांनी."

मग त्यांनी मला खरी गोष्ट सांगितली. आदल्या संध्याकाळी त्यांनी अक्कांची तालीम घ्यायचं ठरवलं होतं. कोट घातला नाही, पण टेबलापलीकडे बसले आणि विचारलं, "परत कामून येशील, सांग. लिहायचंय." चुडाव्याच्या त्या शेतकऱ्याला एक क्षणही लागला नव्हता. अक्का हातातली भाकरी तव्यावर टाकून म्हणाल्या, "इचार करून सांगते." आणि खरंच विचार करायला लागल्या.

"इचार करून सांगते म्हणली, सर," साडूभाऊ मला पुन्हा म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मी त्यांना चहा घ्यायचा आग्रह केला.

अक्कांनी दोन दिवस घेतले. त्या दोन दिवसांत साडूभाऊंनी आपली मच्छरदाणी आपण घडी केली, दोनदा न सांगता दळण आणलं आणि भाजीला मीठ कमी असताना चांगली झाली म्हणाले. अक्कांनी यातलं काही पाहिलं असलं तरी दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या टेबलाजवळ आल्या आणि म्हणाल्या, "लिवा. सवय हाय म्हून."

साडूभाऊंनी पेन उचललं आणि खाली ठेवलं. सवय हे कारण फाइलीत बसत नव्हतं. त्याला जोडायला कागद नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या बसनं पेडगावला गेले. जमिनीला बायकोचं नाव लावायचा अर्ज त्यांनी नोकरीत असताना लोकांना शेकडो वेळा लिहून दिला होता. स्वतःसाठी लिहायचं सुचलं नव्हतं एवढंच. तलाठी त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अदबीनं सांगितलं, "साहेब, फेरफाराची नोटीस चावडीवर पंधरा दिवस लावावी लागती. तुमाला म्हाईतच हाय. कुणाची हरकत न्हाई आली, तर मंडळ अधिकाऱ्याची सही. मग या." ज्या माणसानं उभ्या आयुष्यात हजारो लोकांना 'पंधरा दिवसांनी या' म्हणून सांगितलं, त्याला ते पहिल्यांदा ऐकावं लागत होतं. साडूभाऊ म्हणाले, "पंधरा दिवस लय होतेत रे." तलाठी नम्रपणे हसला. हे हसणं तो कोणाकडून शिकला होता, हे साडूभाऊंना ठाऊक होतं.

चावडीवर नोटीस लागली आणि गावात काय व्हायचं ते झालं. धडधाकट माणूस आपण होऊन बायकोच्या नावानं जमीन करतो, म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले असणार. साडूभाऊंचे एक चुलतभाऊ मोसंब्यांची पिशवी घेऊन परभणीला आले आणि बराच वेळ त्यांच्याकडे ओल्या डोळ्यांनी बघत बसले. शेवटी म्हणाले, "कुठल्या दवाखान्यात दावलंव?"

"मला काय झालं न्हाई. ही युरोपला जायलीय."

चुलतभावानं अक्कांकडे पाहिलं, मग पिशवीकडे, मग परत अक्कांकडे. बाईनं जमीन लिहून घेतल्याशिवाय परत येणार नाही म्हणून सांगितलंय, अशी बातमी त्या संध्याकाळपर्यंत पेडगावात पोचली. अक्कांचं वजन त्या गावात एकाएकी वाढलं. पुढच्या खेपेला त्या गेल्या तेव्हा त्यांना पाटावर बसवून चहा दिला. हरकत मात्र कोणी घेतली नाही.

पुण्याच्या तारखेच्या तीन दिवस आधी नवा सातबारा हातात आला. साडूभाऊंनी तो अक्कांपुढे धरला. अक्कांनी चष्मा लावला आणि आपलं नाव वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग विचारलं, "हे कशापायी?"

"व्हिसाला."

"मग व्हिसा झाल्यावर काढून टाकायचं का?"

मी तिथं होतो. साडूभाऊंनी फाइल सारखी केली, टॅग ओढून पाहिला आणि म्हणाले, "काढायचं म्हणलं की पुना पंधरा दिवसांची नोटीस."

"मग ऱ्हाऊ द्या," अक्का म्हणाल्या आणि आत गेल्या.

पुण्याला मुलगा, साडूभाऊ आणि अक्का असे तिघं गेले. पुढचं मला मुलाकडून कळलं. अर्जकेंद्रातल्या काउंटरवरच्या मुलीनं एकशे बारा पानांची फाइल पाहिली, तिचा टॅग सोडला, बारा कागद काढून घेतले आणि उरलेला गठ्ठा काचेखालून परत सरकवला. "हे लागत नाहीत, काका." सगळ्यात वर सातबारा होता, माझ्या भाषांतरासकट. साडूभाऊ म्हणाले, "निदान बघून तर घ्या." ती म्हणाली, "खरंच नको आहे." जास्तीचा कागद परत येताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. ते काउंटरसमोर तसेच उभे राहिले, मागची रांग कुरकुरायला लागली. तेव्हा अक्कांनी त्यांच्या हातातून फक्त सातबारा काढून घेतला, चार घड्या घातल्या आणि आपल्या पर्समध्ये ठेवला. बाकीचा गठ्ठा त्यांनी मुलाकडे दिला. व्हिसा पुढल्या आठवड्यात कुरिअरनं घरी आला.

अक्का गेल्या. त्या आठ दिवसांत साडूभाऊंनी एकही फाइल हातात घेतली नाही. कोणी आलं तर म्हणत, नंतर या. मी रोज शाळा सुटल्यावर चक्कर टाकत होतो. ते टेबलाशी बसलेले असायचे आणि आज तारीख कितवी ते मला सांगायचे. त्यांना कशाची भीती वाटत होती ते मला दिसत होतं, आणि ती भीती मूर्खपणाची आहे हेही कळत होतं, पण तसं सांगायला जीभ रेटली नाही. 'इचार करून सांगते' हे मीही त्यांच्या तोंडून ऐकलेलं होतं.

नवव्या दिवशी अक्का परत आल्या, पुण्याहून गाडीनं. साडूभाऊंनी स्टेशनवर पहिला प्रश्न विचारला, "तिकडं उतरल्यावर साहेबानं काय काय इचारलं?"

"कायच न्हाई. माझ्याकडं बघितलं आन शिक्का मारला."

साडूभाऊ हिरमुसले. बहिणीला मात्र अक्कांनी दुसरंच सांगितलं. एका छोट्या गावात सगळ्या जणी घड्याळांच्या दुकानात शिरल्या, तेव्हा त्या मुद्दाम मागे राहिल्या आणि भाजीबाजारात गेल्या. बोटानं दाखवून दोन पीच घेतले. विकणाऱ्या बाईनं पिशवीत घातले, हसली, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. कोणी झेरॉक्स दिली नाही. रस्त्याच्या कडेला उभ्यानं त्यांनी ते खाल्ले, रस हातावर ओघळू दिला. "अर्धा तास मी कुणाचीच कुणी नव्हते बग," त्या म्हणाल्या. "लय बरं वाटलं. मग घरची आठवण आली." माझ्या बायकोनं हे मला सांगितलं तेव्हा ते अर्ध्या तासाचं वाक्य तिनं दोनदा सांगितलं. मला वाटलं, आधी सांगितलेलं विसरली असेल.

साडूभाऊंचं काम पुन्हा सुरू झालं आहे. पण एक बदल झाला. जोडपं आलं की आता ते आधी नवऱ्याकडे बघत नाहीत. बाईला विचारतात, "तुमच्या नावावर काय हाय?" बाई नवऱ्याकडे बघते. नवरा छताकडे बघतो. मग साडूभाऊ फाइल मिटतात. परवा मी बसलेलो असताना सेलूकडचा एक दुकानदार बायकोला घेऊन आला होता. दोघांना व्हिएतनामला जायचं होतं. त्याला साडूभाऊंनी करड्या आवाजात सांगितलं, "सातबाऱ्यावर बायकोचं नाव असल्याबिगर जोडप्याला आत घेत न्हाईत. नवा नियम हाय. आधी तलाठ्याकडं जा. पंधरा दिवस लागतेत." दुकानदारानं मान डोलावली. जाताना उंबऱ्याशी थांबून बाईनं एकदा साडूभाऊंकडे वळून पाहिलं. असे किती जण तलाठ्याकडे गेले ते मला माहीत नाही. बरेच गेले असावेत.

ज्या माणसानं आयुष्यात एकही नियम चुकीचा सांगितला नाही, त्याच्या तोंडून मी हे ऐकत होतो. ते दोघं गेल्यावर मी विचारलं, "साडूभाऊ, हा नियम कुठल्या देशाचा?"

"कुठल्याच न्हाई," ते फोटो कापता कापता म्हणाले. "म्हणून तर मला सांगावं लागायलंय." मग त्यांनी कात्री ठेवली. "तुमची फाइल कधी आणताव, सर?"

"आम्हाला कुठं जायचंय?" मी हसून म्हणालो आणि उठलो.

घरी आलो तेव्हा बायको ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. घर माझ्या नावावर, मोटरसायकल माझ्या नावावर, वीजबिल माझ्या नावावर. इतकी वर्षं मी इतरांची कारणं इंग्रजीत करत आलो, आणि स्वतः या सगळ्यापासून चार हात लांब आहे असं समजत आलो. चपला काढता काढता, सहज विचारावं तसं, मी तिला म्हणालो, "तुला कुठं जावंसं वाटतं का गं?"

तिचा हात सुपात थांबला.

"कधी?" ती म्हणाली.

कुठं, असं तिनं विचारलं नाही. म्हणजे ते तिच्या मनात फार आधीच ठरलेलं होतं, आणि मला ते ठाऊक नव्हतं.